मंडईतली हजेरी

माझा राग नाकावर असतो हे आमच्या घराला, शाळेला आणि गोंदियातल्या बऱ्याच रिक्षावाल्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बारा वर्षं चौथीला शिकवल्यानंतर संस्थेने मला शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला नेमलं, तेव्हा माझ्याच शाळेतल्या एका बाईंनी सगळ्यांसमोर सुस्कारा सोडला, "चला, पोट्टे सुटले. आता आमाले रागवाल." मी रागावले नाही. मला ते काम मनापासून हवं होतं.

नवं शतक सुरू होऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या संस्थेच्या पाच प्राथमिक शाळा शहरात होत्या आणि शिक्षक चाळीस. वरून एक जाडजूड पुस्तिका आली. विषय असा, की शहरातल्या मुलांना शिकवताना त्यांचं घर, त्यांची बोली, त्यांचे सण, त्यांच्या घरच्या रीती वर्गात आल्या पाहिजेत. विचार मला शंभर टक्के पटला. पण पुस्तिकेतली शहरी मुलं लिफ्टने वरखाली जात होती, वॉचमनकाकांना गुड मॉर्निंग म्हणत होती आणि रविवारी मत्स्यालय बघायला जात होती. आमच्या शहरी मुलांचे आईबाप राइस मिलमध्ये कामाला जायचे, कुणाच्या घरी बिड्या वळल्या जायच्या, कुणाचे वडील स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचे. एका बाकावर घरी पोवारी बोलणारं, छत्तीसगढी बोलणारं आणि चिचगडच्या जंगलाकडून आलेलं गोंडी बोलणारं अशी तीन लेकरं बसायची, आणि मधल्या सुट्टीत तिघं मिळून हिंदीत भांडायची. लिफ्ट त्यांनी पाहिली असलीच तर सिनेमात. मी पुस्तिकेतली चित्रं बाजूला ठेवली, विचार घेतला आणि सहा दिवसांचं प्रशिक्षण आखलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतात तो आठवडा मी निवडला. सकाळी शाळा, दुपारी प्रशिक्षण. इथेच मी पहिली चूक केली, आणि ती माझ्यासारख्या याच जिल्ह्यातल्या, कोहमाऱ्याकडच्या बाईने करावी याचं मला अजून हसू येतं.

पहिल्या दिवशी चाळीसच्या चाळीस हजर. मी जोरदार भाषण केलं. मूल वर्गात येत नसेल तर दोष मुलाचा नसतो, वर्गात त्याला आपलं काही दिसत नसतं, वगैरे. भाषण संपल्यावर पहिल्या रांगेतली एक तरुण शिक्षिका उभी राहिली. ती सांगलीकडची. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी गोंदियाला म्हणून इथे आलेली. शिक्षणसेविका होती, तिसरं वर्ष चाललं होतं, म्हणजे त्या वर्षाअखेर एक तर कायम होणार किंवा घरी बसणार. प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेणारी ती एकटीच होती. बाकीचे माझं भाषण ऐकताना शेंगा सोलल्यासारखे बोटांशी खेळत होते.

"मॅडम, मला सांगा की," ती म्हणाली, "दिवाळीनंतर दोन आठवडे माझ्या वर्गातली मुलं येतच नाहीत. चौतीसमधली आठ, कधी नऊच येतात. बाजूच्या वर्गात मात्र हजेरी भरलेली असते. मागच्या वर्षी मला त्याबद्दल मेमो मिळाला. या वर्षीही तसंच झालं तर मला कायम करणार नाहीत असं सांगितलंय. माझं काय चुकतंय?"

एकोणचाळीस शिक्षक आपापल्या चपलांकडे बघत होते. बाजूच्या वर्गाचे गुरुजी, चार महिन्यांवर निवृत्ती आलेले, एक पोवार शेतकऱ्याच्या घरचे गृहस्थ, खिडकीतून चिंचेचं झाड न्याहाळत होते. उत्तर आम्हां सगळ्यांना माहीत होतं. मला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. मी काय म्हणाले? "मुलांना वर्ग आपला वाटला पाहिजे." तिने तेही लिहून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी घरी जाऊन मी विनाकारण नवऱ्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये सतरा जण. टेबलावर तेवीस अर्ज, आणि तेविसातल्या बहुतेकांच्या पोटात दुखत होतं. एकाने तर शेजाऱ्याच्या अर्जावरून अर्ज उतरवताना शेजाऱ्याचंच पोट लिहून टाकलं होतं. माझा पारा चढला. मी शिपाईकाकांना ओरडून विचारलं, बाकीचे कुठे मेले?

"मॅडम, कायले वाट पाहून राहिल्या जी?" काका शांतपणे म्हणाले. "आज मंडई आहे न."

पुण्यामुंबईकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भाजीबाजार आला असेल, तर तो कृपा करून बाजूला ठेवावा. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. गावाची जत्राच ती. प्रत्येक गावाचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, मैदानात दुकानं आणि आकाशपाळणे लागतात, दुपारी दंडार, म्हणजे बायकांच्या वेषातल्या बाप्यांचा गाण्यानाचाचा खेळ, नाचते, रात्री नाटक असतं. सोयरिकी तिथेच जुळतात. गावी आमच्या बौद्ध मोहल्ल्यात मंडईच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची, आणि वरच्या आळीतही तेच. ज्याचा मामा एका गावी, आत्या दुसऱ्या, मावशी तिसऱ्या, त्याला तीन मंडया चुकत नाहीत. गोंदियात राहायला आलेलं माणूस गोंदियाचं होतं ते मंडई सोडून. मग पोरं वर्गात कुठून असणार? आणि शिक्षक तरी कुठून असणार? मी स्वतः लग्न होईपर्यंत एक मंडई चुकवली नव्हती, आणि प्रशिक्षणाच्या तारखा मात्र भिंतीवरचं सरकारी कॅलेंडर बघून ठरवल्या होत्या.

मी उरलेल्या सतरांना सुट्टी दिली. सांगलीची मुलगी वही आवरत होती. मी तिला व्हरांड्यात चहाला थांबवलं आणि सांगून टाकलं. मंडई काय असते ते सांगितलं, आणि त्याच्यापुढचंही.

"तुझ्या बाजूच्या वर्गातली पोरंही मंडईतच असतात. फक्त हजेरीपटावर ती वर्गात असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दोन आठवड्यांत आम्ही सगळ्यांची हजेरी लावून टाकतो. सगळ्या शाळांत. आईबाप पोरांना सांगून ठेवतात, कुणी विचारलं तर तब्येत बरी नव्हती म्हणायचं. आम्ही विचारत नाही. तुला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तू खरं लिहीत राहिलीस."

मला वाटलं ती रडेल. ती भडकली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला, आणि खरं सांगते, मला ती त्या क्षणी फार आवडली. "म्हणजे मी खरं लिहिलं म्हणून मी वाईट शिक्षिका? चोर सोडून संन्याशाला फाशी? आणि तुम्हीही, मॅडम? तुम्ही पण लावत होता?"

"बारा वर्षं," मी म्हटलं.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला मंडई दाखवा."

हॉलबाहेरचा चहावाला दुकान आवरत होता. "जाओ जाओ मैडम, मैं भी वहीं आ रहा हूँ," तो म्हणाला. मी स्कूटीला किक मारली. ती मागे बसली, आणि तिच्या पिशवीत त्या दिवसाचा हजेरीपट होता. सकाळी तिने त्यावर नऊ हजर लिहिले होते.

गाव बारा-तेरा किलोमीटरवर. धान कापणीला आलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचा वास. मैदानाच्या तोंडाशीच उसाच्या मोळ्या उभ्या, त्यापलीकडे तळ्यांवर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायका उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. आणि पहिल्याच जिलेबीच्या दुकानापुढे, नवी टोपी घातलेले, हातात द्रोण घेतलेले आमचे चिंचेचं झाड न्याहाळणारे गुरुजी. हे गाव त्यांचंच. मला बघून जिलेबी तोंडात अर्धी राहिली.

"पोट आता बरं आहे जी," ते म्हणाले.

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, पण मला हसू आवरेना. पुढे दर दहा पावलांवर एक आजारी शिक्षक सापडत होता. एक जण पाळण्यात होता आणि पाळणा थांबेपर्यंत त्याला लपायला जागा नव्हती. मुलं मात्र हुशार. "मॅडम आल्या वो! पळा!" अशी आरोळी उठली आणि सांगलीच्या बाईंची चौथी उसासकट गर्दीत पसार झाली. ती बिचारी हजेरीपट छातीशी धरून उभी.

"मी शिक्षा करायला नाही आले ओ," ती गुरुजींना म्हणाली. "मला नुसतं बघायचं होतं, कोण कोण आलंय."

गुरुजींनी जिलेबी संपवली, हात पुसले आणि म्हणाले, "चाला माझ्यासंग." दंडारीच्या मांडवाशेजारी भोंग्याचं टेबल होतं. हरवलेली पोरं आणि सापडलेल्या चपला यांच्या घोषणा तिथून चालायच्या. गुरुजींनी माइक घेतला. "ऐका हो! चवथीच्या मॅडम पाहुण्या म्हून आल्या आहेत. हजेरी घेऊन राहिल्या. कोणाले मार नाही. ज्याचं नाव येईल त्यानं मांडवाजवळ याचं." आणि माइक तिच्या हातात दिला.

असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ढोलकी थांबली. लुगडं नेसून नाचणारे दोघे बाप्ये पदर कमरेला खोचून ऐकायला लागले. तिने पहिलं नाव घेतलं. आधी काहीच नाही. मग कुठून तरी लांबून, पाळण्याच्या वरच्या टोकावरून आवाज आला, "हजर मॅडम!" सगळं मैदान हसलं. त्यानंतर एकेक करून ती येत गेली. कुणाच्या हातात ऊस, कुणाच्या तोंडात पिपाणी, एकीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत नव्या बांगड्या. बावीस मुलं. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या वर्गांची, दुसऱ्या शाळांची. "आमची बी घ्या जी, आमची बी घ्या!" त्यांत गुरुजींचा अख्खा वर्ग होता. सकाळी ज्यांची हजेरी त्यांनी आपल्या हाताने लावली होती ती पोरं त्यांच्याच समोर ओळीत उभी राहून हात वर करत होती. गुरुजी टोपी काढून डोकं खाजवत होते.

मग आयांनी बाईंचा ताबा घेतला. "आमच्या गावाले आल्या अन् जेवल्याबिगर कशा जाता जी?" मंडईत आलेला माणूस उपाशी परत जात नाही. सात घरी तिला जेवावं लागलं. लाखोरीच्या डाळीचे वडे, खीर, पुन्हा वडे. चौथ्या घरी तिने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि मी तोंड फिरवलं. प्रत्येक घरी मूल तिला हाताला धरून फिरवायचं: हा माझा मामा, ही आत्या, हा फुफा, याचं गाव नागझिऱ्याकडे, त्यांची मंडई सोमवारी. वर्गात जी पोरगी दोन शब्दांच्या वर बोलत नाही असं बाईंनी मला वाटेत सांगितलं होतं, ती इथेही दोनच शब्द बोलत होती. फक्त तिने बाईंचा हात संध्याकाळपर्यंत सोडला नाही. बाईंनी वहीत प्रत्येक नावापुढे गाव आणि त्या गावच्या मंडईचा दिवस लिहिला. परतताना स्कूटीवर मागून म्हणाली, "तीन वर्षं झाली मॅडम, मला एकाचंही गाव माहीत नव्हतं."

तिसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस हजर, आणि कुणाची माझ्याकडे बघायची हिंमत नाही. मी पुस्तिका बंद केली. रागावण्याचं भाषण रात्री तयार ठेवलं होतं, ते आठवेना. मी खडू तिच्या हातात दिला. तिने फळ्यावर आपल्या वर्गाची बावीस गावं लिहिली आणि म्हणाली, "पुढचं तुम्ही सांगा की." मग जे सुरू झालं ते थांबवायला दोन तास गेले. एक म्हणे, ही मंडई भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी. दुसरा म्हणे, खोटं, चौथ्या, माझी सासुरवाडी आहे ती. फळा भरला, मग भिंतीला कागद चिकटवले. चाळीस शिक्षकांच्या डोक्यात अख्ख्या जिल्ह्याचं पंचांग होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी शाळेत आलं नव्हतं. त्या कागदावरून आम्ही दोन्ही आठवड्यांचे धडे पुन्हा आखले. नवीन काही त्या दिवसांत शिकवायचं नाही. मुलं परत आली की ज्याने त्याने आपली मंडई वर्गाला सांगायची, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, आणि मग फळ्यावर ती मराठीत उतरवायची. सर्वांत मोठ्या मंडईच्या दिवशी मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारातली सुट्टी द्यायची, हेही ठरलं. एका शिक्षकाने दंडारीतला एक तुकडा करून दाखवला, मग दुसऱ्याने. इतकं हसणारं प्रशिक्षण मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

एकच गोष्ट अडली. यापुढे हजेरी खरी लिहायची, असं मी म्हटलं. "लिहू न," गुरुजी म्हणाले. "पण साहेबानं विचारलं, मंग आतापर्यंत काऊन भरली होती, तर काय सांगाचं?" मी विषय बदलला.

शनिवारी संस्थेचे सचिव आले. त्यांना सगळे साहेब म्हणत. शिक्षणसेविकेचा शेरा तेच लिहिणार होते. त्यांनी भिंतीवरचे कागद कौतुकाने पाहिले, चहा घेतला आणि हजेरीपट मागवले. दोन पट शेजारी शेजारी उघडले. गुरुजींचा भरलेला, तिचा नवाचा. मंगळवारच्या रकान्यापुढे तिने शेरा लिहिला होता: मंडईत भेटली, बावीस.

"एकच इमारत, भिंतीला भिंत," साहेब म्हणाले. "त्यांची मुलं वर्गात बसतात आणि तुमची मंडईत जातात. मी कायम करा अशी शिफारस कशी करू, बाई?"

"सर, मी खरं लिहिलंय."

"मग बाकीचे काय खोटं लिहितात?"

तिला सगळं माहीत होतं. कोणाची किती पोरं भोंग्यापुढे हात वर करून उभी होती, ते तिने मोजलं होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण ज्या एकोणचाळीस जणांनी तीन वर्षं तिला काही सांगितलं नाही, त्यांच्याकडे तिने बोट दाखवलं नाही. ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली. आणि मी, येताजाता सगळ्यांवर डाफरणारी मी, गप्प होते. मला भीती वाटत होती. नुकतंच मिळालेलं काम जाईल, लोक काय म्हणतील, सगळं डोक्यात आलं. शरम त्याहून जास्त वाटली म्हणून मी उठले, एवढंच.

"साहेब, माझ्या बारा वर्षांच्या हजेऱ्या मागवा," मी म्हटलं. "दिवाळीनंतरचे दोन आठवडे सगळे खोटे आहेत. या शहरात त्या दिवसांत हिचा एकच हजेरीपट खरा आहे."

"लेखी द्याल?"

"देते."

पुस्तिकेच्या मागचं कोरं पान फाडून मी तिथेच लिहिलं. सही करत होते तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम एकल्या नाहीत जी," गुरुजी म्हणाले. "माझं बी नाव लिवा." साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. "तुम्ही बसा, गुरुजी," ते म्हणाले. गुरुजी बसले नाहीत. बाकीचे पंख्याकडे बघत होते, पण मी त्यांना दोष देत नाही. बारा वर्षं मीही पंख्याकडेच बघत होते.

साहेबांनी माझा कागद घडी करून खिशात घातला. दारापर्यंत गेले आणि वळून कठोर चेहऱ्याने विचारलं, "दंडार कोण्या गावची आणली होती?" तीन जणांनी एकदम तीन गावं सांगितली आणि कोणती दंडार चांगली यावरून जुंपली. साहेब हसले की नाही ते मला दिसलं नाही.

मार्चमध्ये एकाच दिवशीच्या टपालात दोन पाकिटं आली. एकात तिला कायम केल्याचा आदेश होता. दुसरं माझं. खोट्या नोंदींबद्दल माझ्या सेवापुस्तकात ठपका लिहिला होता, चांगला चार ओळींचा. ती माझं पत्र वाचून रडायला लागली. मी तिला रागावले, आणि स्टेशनजवळच्या दुकानातून किलोभर पेढे आणून पाचही शाळांत वाटले. शिपाईकाकांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "कायचे पेढे जी? मॅडम कायम झाल्या त्याचे?"

"दोन्ही पत्रांचे," मी म्हटलं.